अक्षया परब यांचा फोन

"याला चोरी म्हणतात, शर्मिष्ठा मॅडम."

कौस्तुभ सरांनी दोन शोधनिबंध प्राचार्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी आपटले. शर्मिष्ठाने मान वर करायला जरा उशीर केला. नावाने हाक मारली की तिचं हे असंच व्हायचं. सरांनी तो उशीर हेरला आणि प्राचार्यांकडे बघून भुवई उडवली. चोराच्या मनात चांदणं.

मालवणच्या त्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवत होती, कंत्राटावर. आज एकतर ती कायम होणार होती, नाहीतर घरी बसणार होती. नोकरीला लागताना दिलेली सगळी कागदपत्रं फाईलमध्ये होती. फाईल टेबलावरच होती. फाईलची नाडी मात्र कोणी सोडली नव्हती.

"माझी सायटेशन्स बाराशे," रसायनशास्त्राचे विभागप्रमुख असलेले कौस्तुभ सर म्हणाले. "यांची एकतीस. पानवाल्याची उधारी याहून जास्त असते."

रसायनात माणसं पोत्याने लिहितात आणि एकमेकांची नावं घेतात. खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, काम करणारे इथे एका रिक्षात मावतील. हे तिने मागच्या बैठकीत सांगून बघितलं होतं. "नाचता येईना," एवढंच उत्तर मिळालं होतं.

"आता ही अक्षया परब बघा. हिच्याही त्याच तिसऱ्या. पण जपानपासून केरळपर्यंत लोक हिचे संदर्भ देतात. विषय छोटा म्हणे!" सरांनी चष्मा चढवला. "परबबाई लिहितात, ओहोटीला बायका पायाच्या अंगठ्याने वाळू चाचपतात आणि तिसरी लागली की तिथेच टाच रोवतात. खाडी मिठबावची. आणि हा मॅडमचा निबंध. तीच खाडी, तोच अंगठा, तीच टाच!"

प्राचार्य गुरुदासांनी सुस्कारा सोडला. "मॅडम, काय हे?"

"सर, त्या अक्षया परब म्हणजे—"

"त्यांचं नाव तोंडात घेऊ नका!" कौस्तुभ सर कडाडले. "कालच फोन झालाय माझा त्यांच्याशी."

शर्मिष्ठाचं तोंड उघडंच राहिलं. मग तिने ते मिटलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि सावकाश विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? रडत होत्या. म्हणाल्या, सर, त्या बाईला सोडू नका."

बाहेर व्हरांड्यात मूल रडायला लागलं. पाठोपाठ सासूबाईंचा, राधाबाईंचा आवाज आला. "शर्मिष्ठे! चेडवाक भूक लागली गो! तुझी पोथी संपली नाय काय अजून?"

रडणं कानावर पडताच तिचा ब्लाउज ओला झाला. तिने पदर घट्ट ओढून घेतला. सरांनी नजर फिरवली आणि नाक मुरडलं.

"या असल्या कटकटी परबबाईंच्या मागे नाहीत. लग्नच केलं नाही त्यांनी. संशोधन असं होतं, मॅडम. कडेवर पोर घेऊन नव्हे."

"तुम्ही भेटलायत त्यांना?"

"भेटलोय? माझ्या हाताखाली तयार झाली ती पोरगी. शंभर जणींत ओळखेन. आत्ता या दारातून आली तर आधी माझ्या पाया पडेल."

"मग झालंच," प्राचार्य म्हणाले. "त्यांच्याकडून लेखी तक्रार मागवा. यांचा विषय आजच संपवू."

"लेखी येईल. मी सांगितलं की येईल."

दार धाडकन उघडलं. राधाबाई विचारत वगैरे नसत. त्या सरळ आत आल्या आणि किंचाळणारी नात त्यांनी सुनेच्या मांडीत टाकली. "धर हिका. नोकरी करतंय म्हणे! आवशीशिवाय रडान रडान निळा झाला चेडू." मग खुर्च्यांवरच्या पुरुषांकडे नजर टाकून त्यांनी पदर सावरला, पण हलल्या नाहीत.

शर्मिष्ठाने पोरीला खांद्याशी धरलं. पोर हुंदके देत देत गप्प झाली.

"आई," ती म्हणाली, "लग्नात ताटात तांदूळ पसरून तुम्ही माझं नवं नाव लिहून घेतलंत. त्याआधी मी कोण होते, तेवढं या सरांना सांगा."

आधी राधाबाईंनी सुनेकडे बघितलं, मग सरांकडे.

"अक्षया. मिठबावच्या परबांची अक्षया," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "माका तां नाव कधी आवडलाच नाय."