अजून पिवळंच

"अजून पिवळंच आहे," सासूबाई म्हणाल्या आणि वाटीतल्या जांभळ्या लेपाचा आणखी एक हात त्यांनी गिऱ्हाइकाच्या केसांवर फिरवला.

सून टॉवेल धरून पार्लरच्या बेसिनशी उभी होती. पिवळं कुठेच नव्हतं. बटेवरचा लेप बोटानं पुसला की खालचा रंग कळतो, हे सासूबाईंनीच तिला शिकवलेलं. तिनं मघाशी पुसून पाहिलं होतं. केस हवे तसे राखी झाले होते, तेव्हाच धुवायला हवे होते.

खुर्चीत हेडबाई मान मागे टाकून डोळे मिटून पडल्या होत्या. उद्या त्यांचा शाळेतला शेवटचा दिवस. निरोपाचं भाषण, मग सगळ्या शाळेबरोबर फोटो. रंगवलेल्या केसांवर उन्हानं आणि जड पाण्यानं पितळेसारखी पिवळी झाक चढली होती, तेवढी घालवून द्या म्हणून आल्या होत्या.

"रंग काय, कुणीही फासतं," सासूबाई हात चालवत म्हणाल्या. "महिन्याभरात पितळ उघडं पडलं की मग सगळ्या आमच्या दारात."

"म्हणून तर मी दुसरीकडे जातच नाही," हेडबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. पितळी झाक उतरवण्यात सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. पिवळ्याला उतारा जांभळा, पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतात तसा. कमी पडला तर पितळ राहतं, जास्त झाला तर केसच जांभळे होतात. मधली वेळ घड्याळ सांगत नाही, डोळ्यांनी पकडावी लागते. आणि नेमके तेच डोळे आता दगा देत होते.

"आई, आलाय रंग," सून हळूच म्हणाली. "धुवूया का?"

"तुला भारी घाई. अर्धवट काम करून पाठवू होय उद्याच्या कार्यक्रमाला?"

"आई, आत तुमचा फोन वाजतोय बहुतेक."

"वाजू दे. माझ्याशिवाय त्याचं काही अडत नाही."

गिऱ्हाइकासमोर सुनेनं सांगायचं कसं आणि कुठल्या तोंडानं? या घरात आली तेव्हा तिला कंगवासुद्धा नीट धरता येत नव्हता. जे काही येत होतं ते याच बाईनं हाताला धरून शिकवलेलं. टॉवेल मुठीत आवळून ती नुसती बघत राहिली. बघता बघता राखाडी रंग गढूळ झाला, मग निळसर झाला.

"हं, आता उतरलं," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "धू आता. पाणी गार घे."

केस वाळले तसा रंग खुलत गेला. पिकल्या जांभळाला पाणी लागावं तसा. हेडबाईंनी डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांची नजर आरशातूनच सुनेकडे वळली. सुनेनं मान खाली घातली.

"कसं वाटतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"छान," हेडबाई म्हणाल्या. "मुलं ओळखतील ना मला?"

"ओळखतील काय, बघत राहतील. आणि दोन दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका हं, सगळी मेहनत वाहून जाईल."

"नाही घेणार," हेडबाई म्हणाल्या.

डोक्यावरून ओढणी घेऊन त्या निघाल्या. सून दारापर्यंत गेली.

"डोळे दाखवलेत का त्यांचे?" हेडबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"दाखवले. गेलेलं परत येणार नाही म्हणाले डॉक्टर. आहे तेवढं टिकलं तर नशीब."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांच्यासमोरच सांगितलं. पण त्यांना वाटतं फक्त अंधुक दिसेल, तेही पुढे कधीतरी. रंग मला लख्ख दिसतात म्हणतात. सगळंच पिवळं दिसतं हो त्यांना. मी काय करू? तुम्ही घरी जाऊन दोन-तीनदा धुवा, उतरेल थोडं."

हेडबाईंनी ओढणी सारखी केली. "धुऊ नका म्हणाल्यात ना त्या," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

सून आत आली तर सासूबाई मागच्या अंगणात टॉवेलांच्या बादलीपाशी उभ्या होत्या. सगळे टॉवेल नवे होते, परवाच आणलेले, दुधासारखे पांढरे.

"हे काय गं?" सासूबाईंनी एक टॉवेल उचलून उन्हात धरला. "कसे पिवळट पडलेत. गिऱ्हाईक काय म्हणेल? नीळ घाल."

सासूबाई टॉवेल डोळ्यांजवळ नेऊन बोटानं चोळून बघत होत्या, बटेवरचा लेप पुसून बघायच्या तशाच. सुनेनं बादलीत नीळ टाकली, दोनच थेंब.

"अजून."

तिनं अजून टाकली.

"अजून घाल. पिवळं आहे अजून."

तिनं बाटली उपडी केली. पाणी शाईसारखं झालं. टॉवेल पिळून तिनं एकेक करून दोरीवर टाकले, सगळे निळेभोर. सासूबाई एकेका टॉवेलावरून हात फिरवत टोकापर्यंत गेल्या.

"आता कसे पांढरेशुभ्र झाले," त्या म्हणाल्या. "तुझा हात फार आखडता बघ. मी आहे तोवर नीट शिकून घे."