एकूण एक

सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या ताईंच्या जिवात एकदाचा जीव आला होता. आजवर प्रत्येक कंपनीच्या मशीनचे नखरे वेगळे आणि आज्ञाही वेगळ्या. वर्षभर सगळ्यांशी भांडून त्यांनी एकच प्रोटोकॉल, म्हणजे सगळ्या मशीनना कळेल अशी आज्ञांची एकच भाषा, लावून घेतला. आता एका खुर्चीतून एक आज्ञा दिली की सगळी मशीन बंद, दुसरी दिली की सगळी चालू.

सुट्टीच्या दिवशी संचालकबाई खास ते बघायला आल्या.

"यापुढे या खोलीत माणूस ठेवायची गरजच नाही," ताईंचे साहेब ताईंच्या देखतच संचालकबाईंना म्हणाले. "हं, करा बंद. एकूण एक."

ताईंनी आज्ञा दिली. काचेपलीकडे दिव्यांच्या रांगा भराभर विझल्या, पंख्यांची घरघर थांबली. कोपऱ्यातल्या एका मशीनचा हिरवा दिवा मात्र तसाच राहिला.

साहेबांचा पारा चढला. "ते एक कसं राहिलं? एकूण एक म्हटलं होतं ना मी?"

"मुद्दाम ठेवलंय, साहेब. बाकीच्यांना चालू व्हायची आज्ञा तेच पोचवणार. तेही झोपलं, तर सगळ्यांना उठवणार कोण?"

संचालकबाईंनी मान डोलावली. मग जरा विचार करून साहेबांना विचारलं, "आणि तेच बंद पडलं तर?"

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताई खुर्चीत ऐसपैस रेलून बसल्या होत्या.

"सांगा ना त्यांना, साहेब," त्या म्हणाल्या.