उभं सागवान

गुणवंतरावांचा हातोडा वर उचललेला तसाच राहिला.

सकाळपासून एकवीस झाडांवर तो बिनबोभाट पडला होता. जंगलाच्या गार्डाला हिवताप भरला, म्हणून साहेबांनी लाकडाच्या डेपोतल्या या कारकुनाच्या हाती शिक्क्याचा सरकारी हातोडा दिला होता. टेकडीवरची तोडायची झाडं ठरवायची, बियांसाठी एकच राखायचं. ज्यावर शिक्का बसला ते झाड गेलं. तो काही खोडरबराने पुसता येत नाही.

गुणवंतरावांनी नाही-नाही म्हणून पाहिलं होतं. बारा वर्षं त्यांनी खुर्चीत बसून सागवानाची मापं लिहिली. ओंडक्यावर नुसती नजर टाकून ते घनफूट सांगत. पण ते सारं सागवान आडवं. आजही एकवीस झाडं होईतो त्यांची नजर छातीच्या वर गेली नव्हती. छातीजवळ टेप लावायचा, आकडा लिहायचा, ठोकायचं. डेपो काय नि जंगल काय, असंच त्यांना वाटू लागलं होतं.

हे बाविसावं. टेपाने बारा फूट घेर दाखवला. अव्वल माल, म्हणून हात आपसूक वर गेला.

पण शिक्क्यासाठी साल तासायची, ती लालसूने तासलीच नव्हती. जंगलातल्या गावचा हा कुऱ्हाडवाला. प्रत्येक झाडाला आधी तळहात लावून तो गोंडीत काहीतरी पुटपुटे, मगच कुऱ्हाड उचले. गुणवंतरावांना वाटलं होतं, गडी अंगचोर आहे. इथे मात्र तो बुंध्यावरचा हात काढीचना.

"तूच सांग, ठोकू का?" गुणवंतरावांनी विचारलं.

"हातोडा तुमच्यापाशी आहे जी, मी कसा सांगू? पयले त्याले पाहून तर घ्या."

गुणवंतरावांनी वर पाहिलं. पाहता पाहता डोक्यावरची टोपी मागे पडली. बुंधा सरळ चढत गेला होता, फांदी फुटायचं नावच घेत नव्हता. फार वर एक धनेश उडाला, त्याच्या पंखांचा आवाज खाली मागाहून आला. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि लालसूच्या हाताशेजारी आपला हात टेकवला. बुंधा बारीक थरथरत होता. वारा तिकडे वर होता, खाली गवताची काडी हलत नव्हती. बारा वर्षं आपण काय लिहीत होतो ते त्यांना आज कळलं.

उन्हं कलताना साहेब चांद्याहून आले. बियांसाठी लहानसं झाडही चाललं असतं, एवढं मोठं का सोडलं, असं त्यांनी विचारलं. गुणवंतराव साहेबांपुढे 'जी साहेब' याखेरीज कधी काही बोलले नव्हते.

"हेच राखायचं, साहेब."

साहेबांनी वही पाहिली. मग वर पाहिलं, बराच वेळ. शेवटी म्हणाले, राहू द्या हे. गार्डाचा ताप उतरलाय. हातोडा देऊन टाका, उद्यापासून तुमची खुर्ची तुम्हाला.

"पल्याडची टेकडी राह्यली आहे, साहेब. तेवढी मीच करतो."

हातोडा त्यांनी खांद्यावर घेतला. गवतातली टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर न घालता खिशात ठेवली.