दिवेलागणीचा साहेब

नर्मदामैयाची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर येत्या संक्रांतीला तीळ जिभेवर ठेवणार नाही.

मशीन नवव्यांदा बंद पडलं तेव्हा अवंतिका हसायची थांबली.

जबलपुरात, राइट टाउनात तिच्या सासरचं घर. मागच्या खोलीत ते मशीन, सर्व्हर म्हणतात त्याला. काळं, गव्हाच्या कोठीएवढं. त्याच्या पोटात एकच यादी होती, पण मोलाची. निगेटिव रक्त देणारी शहरातली सगळी माणसं, त्यांचे फोन, कोणी शेवटचं केव्हा दिलं ते. दवाखान्यात कोणी अडलं की तिथले लोक यादी उघडायचे अन् देणारा सापडायचा. ती यादी अवंतिका सांभाळायची. अन् रोज दिवेलागणीला, सातच्या सुमारास, मशीन आपोआप मरायचं.

तिनं काय नाही केलं. मेमरी बदलली, डिस्क बदलली. गोहलपुरातून मिस्त्री बोलावून अर्थिंग नवं करवलं. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी, ती ओळ न् ओळ वाचली. सात वाजता यादीची नक्कल उतरवायला सुरुवात, मशीन जोरात कामाला लागलेलं, अन् दहाव्या मिनिटाला रोजनिशी मधल्या शब्दातच तुटलेली. लिहिणाऱ्याचा कोणी गळा दाबावा तशी. नक्कलही रोज अर्धीच.

आता, त्या खोलीत साहेब होता. इंग्रजांच्या वेळचा, रेल्वेतला. पौषातल्या थंडीत त्याच जागी गारठून मेला. दिवेलागणीला ऊब शोधत येतो अन् जिथं सापडेल तिथं मिठी मारून बसतो. त्या वेळी आत जाणाऱ्याचे हातपाय गार पडतात ते महिनाभर गारच. पौष लागला तसं हे आजेसासूनं, सरोजिनीबाईंनी, अवंतिकाला सांगितलं होतं. इंजिनियर पोरगी. तिनं विचारलं, साहेबाला पासवर्ड माहीत आहे का.

अन् मशीन त्याच आठवड्यात मरू लागलं.

मग ती संध्याकाळी त्या खोलीकडे पाहीनाशी झाली. मशीन मेलं की सरोजिनीबाईच दिवा घेऊन आधी आत जायच्या, साहेबाला वाट दाखवायला. पदर सावरत बाहेर यायच्या अन् सांगायच्या, गेला, जा आता. तेव्हा कुठं अवंतिका आत जाऊन मशीन सुरू करायची. जेवताना घास उतरत नव्हता. दही-भात तेवढा खायची. पौषात जबलपुरात कोणाकडे धड दही लागत नाही, सरोजिनीबाईंचं मात्र सुरीनं कापावं असं. मधे तीन दिवस त्या कटनीला लग्नाला गेल्या, तर साहेबही फिरकला नाही. आल्यावर त्या म्हणाल्या, भुताला घरात मोठं माणूस लागतं, नाहीतर त्याची कदर कोण करणार.

संक्रांत झाली. त्या संध्याकाळी नवरा, अक्षत, ड्यूटीवर होता. सरोजिनीबाई शेजारी हळदीकुंकवाला. सात वाजून दहा मिनिटांनी मशीन मेलं, अन् लगेच फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर होती. एक बाळंतीण, ओ निगेटिव, रक्त थांबून नाही राहिलं, अन् यादी उघडत नाही.

"दीदी, आधा घंटा है," सिस्टर म्हणाली. "उससे ज्यादा नहीं."

नक्कल रोज जुनीवरच उतरायची, म्हणून तीही अर्धी. जे काही होतं ते त्या खोलीत होतं.

अवंतिका दारात उभी राहिली. आत अंधार, दिव्याचं बटण पार पलीकडच्या भिंतीवर. फोनच्या उजेडात तिला तो दिसला. मशीनवर बसला होता. बुटका, पांढरा. मान नाही, तोंड नाही, डोक्यावरून गुंडाळून घेतलेलं. तिचे हात खरंच गार पडले. पाय गार पडले. ती मागे वळली. मग तिला वाटलं, ती बाळंतीणही आत्ता अशीच गार पडून राहिली असेल.

ती आत गेली. डोळे मिटले अन् दोन्ही हातांनी साहेबाला ढकललं. अंग कोमट होतं त्याचं. तो धप्पकन खाली आला अन् तिच्या पायांवर काहीतरी थलथलीत पसरलं. तिनं खाली पाहिलं नाही. मशीनला हात लावला तर चटका बसला. वरची जाळी मोकळी झाली होती, तिच्यातून भट्टीसारखी वाफ येत होती. तिनं पुठ्ठ्यानं वारा घातला, मोजून पाच मिनिटं, अन् बटण दाबलं. पंखा फिरला. यादी उघडली. कमानिया गेटजवळच्या एका बांगडीवाल्याचं नाव निघालं. तो समोरच्या गिऱ्हाइकाचा हात सोडून स्कूटरवर बसला.

बाई वाचली. मुलगी झाली तिला.

सरोजिनीबाई वाण घेऊन परतल्या तेव्हा अवंतिका उंबऱ्यावर बसली होती. पाय धुतले नव्हते. काहून अशी बसून राहिली, असं त्यांनी विचारलं.

"आजी, उद्यापासून साहेबाला माझ्या गोधडीत निजवा," ती म्हणाली. "मशीनवर नको. आज एक बाई मेली असती."

सरोजिनीबाईंनी हातातलं वाण उंबऱ्यावरच ठेवलं. त्या घरात त्यांना भीती वाटली ती तेव्हा, पहिल्यांदा.

तर शब्द न् शब्द खरा आहे बरं. फक्त साहेब तेवढा मी रचला होता. काय करू, पातेल्याला कोणाचा हात लागला की दही मोडतं, अन् त्या जाळीवर होती तशी ऊब पौषात अख्ख्या जबलपुरात कुठं नव्हती.