सासूला दिलेलं उत्तर

"अम्मी, हे वाक्य खोटं आहे," ओवैस म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप आईकडे वळवला.

अनवरीबींनी चष्मा शोधलासुद्धा नाही. कोणतं वाक्य, ते त्यांना ठाऊक होतं.

ओवैस पार वैतागला होता. तो कॉलेजात मराठी शिकवायचा आणि सवयीनं घरातही शिकवायचा. अम्मीच्या आठवणींचं पुस्तक काढायचं त्यानंच मनावर घेतलं होतं. करमाडच्या मराठी शाळेत शिकलेल्या अनवरीबी सांगायच्या, तो टाइप करायचा. करता करता सुधारायचाही. 'लई जीव जळाला'चं त्यानं 'अतिशय वाईट वाटले' करून टाकलं होतं. तेव्हा अम्मी काही बोलली नव्हती. पण आज तिनं कहरच केला होता.

प्रसंग शहागंजच्या घरातला. दावतीला पाहुणे बसलेले. अम्मीनं पहाटेपासून खपून केलेला नान-खलिया वाढला गेला आणि पहिल्याच घासाला दादी सगळ्यांसमोर म्हणाली, "इसके हात में लज्जतच नै." इथपर्यंत ठीक होतं. दादी अशीच बोलायची. पण त्यापुढे अम्मीनं स्वतःचं उत्तर घातलं होतं: "मग उद्यापासून तुम्ही रांधा, मी बसून नावं ठेवते."

"असं तू बोललीच नाहीस," ओवैस चिडून म्हणाला. "मी तिथंच होतो. तू खाली मान घालून आत गेलीस. आठवणींत मनचं घालून कसं चालेल? वाचणाऱ्यांना वाटेल, ही बाई सासूला फाडफाड उलट बोलायची."

त्यानं ते वाक्य खोडलं आणि तिथं लिहिलं, 'मी निमूटपणे आत गेले.'

"खोडू नको. ऱ्हाऊ दे ते."

"अम्मी, ऐक ना माझं. तू गप्प बसली होतीस."

"व्हय, बसले ना गप!" अनवरीबींचा आवाज चढला. तो चढलेला ओवैसनं आजवर कधी ऐकला नव्हता. "उत्तर तोंडात तयार होतं. हेच, जसंच्या तसं. बोलायला तोंड उघडलं अन् तू माझा पदर ओढलास. 'अम्मी, चुप बैठो ना,' म्हणलास."

ओवैसनं स्क्रीनवरच्या 'मी निमूटपणे आत गेले'कडे पाहिलं.

"तवा तू लहान होतास," अनवरीबी म्हणाल्या, "म्हणून ऐकलं तुझं."