मागच्या बाजूचं ऊन

मोबाइलवरचा विजेचा आकडा आजही खालीच होता. ऊन मात्र कालच्यापेक्षा कडक. नंदकिशोर ओलं फडकं घेऊन गच्चीवर चढला आणि त्याने सोलर पॅनेल पुन्हा एकदा पुसली.

पॅनेल साधी नव्हती, दुहेरी होती. पुढच्या बाजूने वरचं ऊन घ्यायचं, मागच्या बाजूने गच्चीवरून उलटून आलेलं. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर त्याने ती मोशीच्या घरावर बसवली. "एकेरीवर भागलं असतं," असं मृदुला म्हणाली होती. पण ती बायको असल्यामुळे ते मनावर घेण्याचं कारण नव्हतं. विक्रेता म्हणाला होता, गच्चीला पांढरा रंग लावा, तरच मागची बाजू कमावते. रंगाचे पैसे वेगळे, हे कळल्यावर नंदकिशोरने तेवढा सल्ला सोडून दिला. काळपट कोबा तसाच राहिला.

तरी उन्हाळा लागताच पॅनेलांनी विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यालाही लाजवलं. नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. केसाएवढा ओरखडा त्याच्या नजरेतून सुटत नसे. कँटीनमध्ये गच्चीचा फोटो दाखवत तो सांगायचा, "सगळा अँगलचा खेळ आहे, राव."

मग एका रविवारी त्याचा मित्र जयदीप बघायला आला. भोसरीत त्याचं वर्कशॉप. नंदकिशोरच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, नेहमीप्रमाणे पॅनेलांभोवती गच्चीभर पांढरी फडकी अंथरून कुरडया घातल्या होत्या. पाहुण्यासमोर नंदकिशोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, हा सोलर प्लांट आहे. वाळवणाचं अंगण नाही."

जयदीपने एका फडक्याची कड बोटांत चोळली. "काय मऊ कापड आहे, भावा. मशीन पुसायला असलं मिळत नाही."

"मग ने की सगळी."

"ऱ्हाऊ दे की रं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. एवढंच. मग खाली बसून कुरडया ताटात काढू लागल्या.

आकडा त्याच आठवड्यात घसरला होता.

पुसून झाल्यावर नंदकिशोर वाकला. पहिल्यांदाच त्याने पॅनेलांची मागची बाजू पाहिली. तिच्यासमोर नुसता काळा कोबा. त्याने कँटीनमधला तो फोटो उघडला. वर पॅनेल, खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरंशुभ्र. दाखवताना तेवढा भाग तो अंगठ्याने झाकायचा.

त्याने जयदीपला फोन लावला.

"ती होय? ऑइलने काळी झाली, राव. फेकली कधीच."

रंगापेक्षा फडकी स्वस्त पडतील, हा हिशेब जिना उतरतानाच झाला. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या.

"आई, ती पांढरी फडकी कुठून आणली होतीस? तशीच आणून देतो. घाल पुन्हा कुरडया."

रुक्मिणीबाईंचा हात थांबला नाही.

"न्हाई मिळायची," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाची धोतरं व्हती ती."