डावा कोपरा

"आपल्या मंडळाचा आजवरचा सगळ्यात भारी डावा कोपरा कोण?" ओटीवर कबड्डीचे जुने-नवे खेळाडू हमरीतुमरीवर आले होते. मी आतल्या खोलीत लेकीला पाजत ऐकत होते.

"शिदूमामा! त्यानं घोटा धरला की गडी जागचा हलत नसे."

"मामाच्या वेळी गडी होते की बुजगावणी? आमचा धैर्या बघा! घाबरून मागं सरल्याचं सोंग करतो, आणि चढाईवाला वळला की धरलाच घोटा!"

धैर्या म्हणजे माझा नवरा. मुलींच्या संघात डावा कोपरा मी सांभाळायचे. हे सोंग माझं. लग्न ठरल्यावर नदीच्या वाळूत मीच त्याला शिकवलेलं.

"खरं सांग, कुणाकडून उचललंस?" म्हाताऱ्या अण्णांनी त्याला विचारलं.

लेकीच्या पाठीवरून फिरणारा माझा हात थांबला.

"उचलायचं कशाला, अण्णा? अंगातच असावं लागतं ते," तो हसला. "अगं, चहा आण!"

निजलेल्या लेकीला अलगद पाळण्यात ठेवून मी चहा नेला. कप घेताना त्यानं वर पाहिलं. 'बोलू नकोस,' त्याचे डोळे विनवत होते.

विसरला असता, तर मी हसून सोडून दिलं असतं. त्याला सगळं आठवत होतं.